बारीक अक्षरातलं नाव

आमच्या अब्बांचं डोकं आता ठिकाणावर राहिलेलं नाही, हे घरात सगळ्यांत आधी मी म्हणालो. मी हमीद, त्यांचा मुलगा, बी.कॉम. झालेला, बँकेत अधिकारी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी एकटाच, त्यामुळे मी काही बोललो की अम्मी मान डोलवायची आणि विषय संपायचा. हाही विषय तसाच संपला असता. माझ्या बहिणीने, नसीमने, तो संपू दिला नाही.

अब्बांचं नाव दादामियाँ. पुण्याच्या मार्केट यार्डात, भुसार विभागात, ते चौतीस वर्षं तोलणार होते. शेतकऱ्याचा माल आला की पोतं काट्यावर चढायचं आणि तोलणार वजन पुकारायचा. पुढचा सगळा व्यवहार त्या आकड्यावर. अब्बांना अक्षरं वाचता येत नव्हती, आकडे मात्र पक्के. आपण पुकारलेलं वजन कुणी कधी पुन्हा करून बघितलं नाही, ही त्यांची एकुलती एक बढाई आणि ती ते आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकवत. घरात आम्ही दख्खनी हिंदी बोलतो, पण त्यांचं निम्मं आयुष्य यार्डात मराठीत गेलं आणि माझं बँकेत. तेव्हा सगळं मराठीतच सांगतो.

१९८२ साली अम्मीला टीबी झाला. मी तेव्हा दहावीत होतो, नसीम सातवीत. घर बघायला कुणीतरी हवं होतं. सातवीचा निकाल लागला आणि अब्बांनी तिचं नाव शाळेतून काढलं. अम्मी दीड वर्षात बरी झाली, पण नसीम परत शाळेत गेली नाही. पुढे मी कॉलेजात गेलो, नोकरीला लागलो, लग्न करून कोंढव्यात फ्लॅट घेतला. नसीमचं लग्न गुलटेकडीवरच, आमच्याच गल्लीतल्या अय्युबशी झालं. अय्युब टेम्पो चालवतो. अम्मी-अब्बांच्या घरापासून तिसरं दार तिचं. साड्यांना फॉल-पिको करणं, मुली वाढवणं आणि दिवसातून चार वेळा आईबापांकडे डोकावणं, असं तिचं चाललं होतं.

२०१२ च्या उन्हाळ्यात तिच्याकडे पद्मजाबाई आल्या. त्या कर्वेनगरच्या, विज्ञानाच्या निवृत्त शिक्षिका. मुकुंदनगरला बहिणीकडे आल्या होत्या आणि सहा साड्या फॉलला टाकायच्या होत्या. कुठल्या साडीला कुठल्या रंगाचा फॉल, कुठली आधी हवी, कुठल्या साडीचा काठ उसवलाय, हे सगळं नसीमने एकदा ऐकलं आणि जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं.

"लिहून का घेत नाहीस?" बाईंनी विचारलं.

"लक्षात राहतं, बाई."

"शिक्षण किती?"

"सातवी."

"का? त्या वर्षी आठवी बंद होती का?"

नसीम हसली नाही. तिने खरं कारण सांगितलं. बाईंनीही मग सहानुभूतीचं काही बोलायच्या ऐवजी आपल्या कर्वेनगरच्या सोसायटीतल्या हॉलचा पत्ता दिला. शाळा सुटलेल्या बायकांसाठी त्या आणि आणखी दोन शिक्षिका दुपारी दोन ते चार वर्ग घेत. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, असं बाईंनी सांगितलं, आणि जाता जाता म्हणाल्या, "उशीर करणाऱ्या बायकांना मी आत घेत नाही. तुला आधीच तीस वर्षं उशीर झालाय."

घरात कुणी फारसं खूश झालं नाही. अब्बा म्हणाले, "त्रेचाळिसाव्या वर्षी? पोरीच्या लग्नाचं बघायचं सोडून आईच दप्तर घेऊन निघाली." अम्मी पुटपुटली की गल्लीतले लोक हसतील. मला फोनवर कळलं तेव्हा मी म्हणालो, "आता कशाला उगाच?" एकटा अय्युब म्हणाला, "दुपारीच तर जातेय. जाऊ द्या ना." नसीम जाऊ लागली. आधी स्वारगेट, तिथून बस बदलून कर्वेनगर. सकाळी कामं आवरली की ती पुस्तक घेऊन अब्बांच्या खाटेशेजारी बसायची, कारण तिच्या घरात मशीन, कापडं आणि दोन मुली यांतून जागाच नव्हती. अब्बा तक्रार करायचे आणि ऐकायचेही. पृथ्वीच्या पोटात काय काय आहे, हे त्यांनी तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं.

त्या ऑगस्टमध्ये अब्बांना न्यूमोनिया झाला. सहा दिवस हॉस्पिटलात होते. मी रजा टाकली, सगळी धावपळ केली. घरी सोडताना नर्सने कार्डावर बोट ठेवून भराभर सांगितलं, "घरी गेल्यावर ही औषधं घ्यायची." तिच्या बोलण्यातला अर्थ 'फक्त हीच' असा होता. मी तो 'हीसुद्धा' असा घेतला. अब्बांना दहा वर्षांपासून साखरेची गोळी चालू होतीच, आमचे नेहमीचे डॉक्टर शाळिग्राम यांनी दिलेली. ती मी चालू ठेवली आणि हॉस्पिटलच्या नव्या गोळ्या तिच्या सोबतीला घातल्या.

वर आणखी एक शहाणपणा केला. बाजारातून प्लास्टिकची एक डबी आणली. आठवड्याच्या सात वारांचे सात कप्पे, प्रत्येकात सकाळ-संध्याकाळचे दोन भाग. दर रविवारी मी यायचो, पाकिटांतून सगळ्या गोळ्या सोडवायचो, कप्प्यांत भरायचो आणि रिकामी पाकिटं फेकून द्यायचो. उरलेली माझ्या बॅगेत. अम्मीला वाचता येत नाही, तिचा घोटाळा व्हायला नको, म्हणून. बँकेत मी चार जणांना ती डबी दाखवलीसुद्धा.

सप्टेंबरमध्ये अब्बा विचित्र वागायला लागले. सकाळी चांगले असायचे. अकराच्या सुमाराला एकदम चिडायचे, हात थरथरायचे, अंगाला घाम सुटायचा, अम्मीला "तू कोण?" विचारायचे. मग झोपायचे, आणि दुपारी जेवण झालं की हळूहळू माणसात यायचे. असं रोज होत नव्हतं. दोन दिवस बरे जायचे, तिसऱ्या दिवशी पुन्हा.

ऑक्टोबरात एका सकाळी ते यार्डात गेले. ते रोजच जायचे, फिरायला म्हणून. त्या दिवशी मात्र बारा वाजता सर्जेरावांनी त्यांना हाताला धरून घरी आणलं. सर्जेराव यार्डातले जुने हमाल, अब्बांच्या बरोबरीचे. अम्मीला म्हणाले, "भाभी, दादामियाँ आज काट्यापाशी उभं राहून वजन पुकारत व्हतं. काट्यावर काय बी नव्हतं. आन जी मान्सं मरून धा वर्सं झाली, त्यांना हाका मारत व्हतं." सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, असं अम्मी म्हणाली.

त्या संध्याकाळी मी आलो. अब्बा भिंतीला टेकून गप्प बसले होते. त्यांना सकाळचं अर्धवट आठवत होतं. "हमीद," ते म्हणाले, "लोक हसले का रे?"

मी म्हटलं, "नाही, अब्बा." मला काय माहीत होतं? मी तिथे नव्हतो.

डॉक्टर शाळिग्राम तेव्हा मुलीकडे परदेशी गेले होते, दवाखाना तीन महिने बंद. मी चौकशी करून स्मृतिभ्रंशाच्या एका तज्ज्ञाकडे वेळ घेतली. मिळाली ती संध्याकाळची. संध्याकाळी अब्बा ठीक असत. डॉक्टरांनी प्रश्न विचारले, अब्बांनी बरीचशी उत्तरं बरोबर दिली. "सध्या कुठली औषधं चालू आहेत?" असं त्यांनी विचारल्यावर मी हॉस्पिटलचं कार्ड पुढे केलं. जुनी गोळी त्या कार्डावर नव्हती आणि माझ्या तोंडावरही आली नाही. वय झालंय, सुरुवात असू शकते, काही तपासण्या करू, दोन महिन्यांनी पुन्हा या, असं ते म्हणाले. मी घरी येऊन 'सुरुवात असू शकते' याचं 'सुरुवात झालीय' करून सांगितलं. आणि अम्मीला सांगितलं की यापुढे बाहेरच्या दाराला कडी लावून ठेव, त्यांना एकटं सोडू नकोस.

चौतीस वर्षं ज्या माणसाच्या शब्दावर गाड्या रिकाम्या झाल्या, त्याला आम्ही घरात कोंडलं. अब्बांनी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. ते भांडले नाहीत. त्यांनी मान्य करून टाकलं. कुणी काही विचारलं तर म्हणायचे, "मला विचारू नका, माझं आता बरोबर नसतं." आकडासुद्धा सांगेनासे झाले. जेवण कमी झालं. नसीम शेजारी बसून मोठ्याने वाचायची तेव्हा तोंड फिरवून घ्यायचे.

नसीमला एक गोष्ट खटकत होती आणि ती तिने मला फोनवर सांगितली. "भाई, डोकं बिघडलं असेल तर संध्याकाळी बरं कसं राहतं? वेळ बघून बिघडतं का?"

"असतं तसं या आजारात," मी म्हणालो. मी कुठेही वाचलेलं नव्हतं. पण बोललो, अगदी ठामपणे.

तिने मग पद्मजाबाईंना विचारलं. वर्गात त्या आठवड्यात प्रयोगाची वही कशी लिहायची ते चाललं होतं. बाई म्हणाल्या, "मी डॉक्टर नाही. मनाने औषध बंद करायचं नाही, मनाने चालू करायचं नाही. पण निरीक्षण लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. वेळ लिही, काय खाल्लं ते लिही, काय झालं ते लिही. तुला काय वाटतं ते मात्र लिहू नकोस."

नसीमने दुरेघी वही घेतली. ती वही आजही माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर तिने वर्गात शिकवलं होतं तसंच लिहिलंय:

उद्देश: अब्बांना त्रास कधी होतो ते पाहणे.
साहित्य: अब्बा, भिंतीवरचं घड्याळ, पेन.
कृती: रोज पाहणे.

आणि खाली निरीक्षणं. अक्षर सातवीतल्या मुलीचं, गोल आणि मोठं. सात वाजता उठले. साडेसातला गोळ्या. आठला अर्धी चपाती, भूक नाही म्हणाले. अकरा वाजता घाम, हात थरथर, अम्मीवर ओरडले. एक वाजता जेवले. दोनला ठीक. ती वर्गाला गेल्यावरचं अम्मीने सांगितलेलं. असे चाळीस दिवस. मधे बकरी ईदचा दिवस आहे: "सकाळी पोटभर खाल्लं. दिवसभर काही नाही. नातींशी गप्पा मारल्या." नोव्हेंबरातल्या एका दिवसापुढे लिहिलंय: "डबी उघडताना सकाळच्या गोळ्या खाली सांडल्या, अम्मीला सापडल्या नाहीत, तशाच राहिल्या. काही त्रास नाही." या ओळीखाली तिने दोनदा रेघ ओढली आहे.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी डबी भरायला बसलो, तर ती समोर येऊन बसली. "पाकिटं फेकू नका. मला बघू द्या."

तिने पाकिटं उजेडात धरली. इंग्रजी ती सहा महिन्यांपूर्वी पुन्हा शिकायला लागली होती. एकेक अक्षर सुटं करून वाचायची. मी घाईत होतो. तिची बोटं पाकिटाच्या मागच्या बाजूवर फिरत होती, जिथे मोठ्या नावाच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी छापलेलं असतं. एका पाकिटावरची अक्षरं तिने वहीत उतरवून घेतली. मग दुसऱ्यावरची. मग माझ्यासमोर वही धरली.

"भाई, या दोन्हींवर खाली एकच नाव आहे. ग्लिमेपिराइड."

"अगं, एक शाळिग्रामांची, एक हॉस्पिटलची. नावं वेगळी, रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या."

"वरचं नाव वेगळं आहे. खालचं बघा."

"दोन्ही साखरेच्या गोळ्या आहेत. काहीतरी सारखं असणारच."

"मग दोन कशाला?"

मी चिडलो. खरं तर तेव्हाच मला शंका आली होती आणि तिचीच चीड आली. "नसीम, दहावीचा फॉर्म भरला म्हणजे डॉक्टर होत नाही कुणी. हॉस्पिटलातले लोक मूर्ख आहेत का?"

ती उठली नाही. आवाजही चढवला नाही. "मी कुणाला मूर्ख म्हणत नाही," ती म्हणाली. "शाळिग्राम डॉक्टर परत आलेत. मंगळवारपासून दवाखाना उघडतोय, मी पाटी बघून आले. मंगळवारी मी अब्बांना घेऊन जाणार. तुम्ही आलात तर बरं होईल."

मी गोळ्या सोडवल्या, रिकामी पाकिटं तिच्यासमोर टाकली. डबी भरली आणि निघून आलो. दोन्ही गोळ्या घालून भरली. हे मी कधी कुणाला सांगत नाही, पण ही गोष्ट सांगायची तर हे गाळून चालणार नाही.

मंगळवारी सकाळी अब्बांनी फक्त चहा घेतला. सव्वादहाला त्यांचे ओठ पांढरे पडले, सदरा घामाने भिजला, आणि ते खाटेवरून उठायला गेले ते भिंतीला धरून खाली बसले. अम्मीने ओरडून नसीमला बोलावलं. नसीम धावत आली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, ओळखलं नाही, पण गिळता येत होतं, हाकेला मान हलत होती. तिने वाटीभर पाण्यात तीन चमचे साखर ढवळली आणि घोट घोट पाजली. अम्मी म्हणत होती, "अगं, साखरेच्या माणसाला साखर देतेस? मारशील त्यांना!" नसीम पाजत राहिली. ती मला नंतर म्हणाली की त्या दहा मिनिटांत तिला जेवढी भीती वाटली तेवढी बाळंतपणातही वाटली नव्हती. पण पद्मजाबाईंच्या ओळखीच्या एका नर्सने तिला सांगून ठेवलं होतं: साखर उतरल्यासारखी दिसली आणि माणूस शुद्धीत असला, तर आधी साखर, मग लगेच डॉक्टर.

दहा-बारा मिनिटांनी अब्बांनी डोळे नीट उघडले. इकडेतिकडे बघितलं. म्हणाले, "नसीम, माझा सदरा कुणी भिजवला?"

अम्मी भिंतीशी बसून रडायला लागली.

नसीमने त्यांना चपाती खाऊ घातली, अय्युबला फोन करून टेम्पो बोलावला, अम्मीलाही बरोबर घेतलं आणि मला फोन केला. "भाई, आम्ही शाळिग्रामांकडे निघालोय," एवढंच बोलून ठेवला. मी बँकेतून निघालो. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांनी अब्बांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला होता. साखर आणि चपाती पोटात जाऊनही आकडा कमीच होता. नसीमने टेबलावर दोन पाकिटं शेजारी शेजारी ठेवली होती, आणि त्यांच्यापुढे वही.

डॉक्टर शाळिग्रामांनी पाकिटं पालथी केली, चष्मा वर करून मागचं वाचलं. मग वही उघडली. 'साहित्य: अब्बा' या ओळीपाशी त्यांना हसू आलं, पण पुढची पानं उलटताना ते गेलं.

"ही डबी कोण भरतं?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणालो.

ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. "एकच औषध दोन नावांनी जातंय, तीन महिने," ते म्हणाले. "त्यात आजारपणानंतर यांचं खाणं कमी झालेलं. साखर इतकी उतरली की मेंदूला काही पोचत नाही. माणूस भलतंसलतं बोलतो, ओळखत नाही. या वयात साखर वाढण्यापेक्षा हे जास्त धोक्याचं. हे अकरा वाजता न येता पहाटे झोपेत आलं असतं तर..." त्यांनी वही मिटली. "यांना आजचा दिवस आमच्याकडे निरीक्षणाखाली राहू दे. एक गोळी बंद. दुसरीचं प्रमाण मी बदलतो."

अब्बा हे सगळं ऐकत होते. त्यांनी हळूच विचारलं, "डॉक्टरसाहेब, म्हणजे माझं डोकं?"

"तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं आहे, दादामियाँ. थोडा विसराळूपणा वयाचा, तो मलाही आहे."

अब्बांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मी नसीमला म्हणालो, "मी रविवारी बघायला हवं होतं." आणखी पुष्कळ बोलायचं होतं. ती म्हणाली, "आता अम्मीला घरी सोडा. सकाळपासून तिच्या पोटात काही नाही." तिने मला एवढ्यावर सोडून दिलं.

महिन्याभरात अब्बा भराभर सुधारले. वजन वाढलं, आवाज परत आला. बाहेरच्या दाराची कडी अम्मीने स्वतः काढली. रविवारची डबी आता नसीम भरते, रिकामी पाकिटं आणि डॉक्टरांचे कागद एका पिशवीत घालून खिळ्याला अडकवते, आणि कुठल्याही डॉक्टरकडे जाताना ती पिशवी बरोबर जाते. मी हे तिच्याकडून शिकलो.

फेब्रुवारीतली एक दुपार मला नीट आठवते. मी दारात बूट काढत होतो, आत दोघांना माझी चाहूल लागली नव्हती. नसीम भूमितीची आकृती काढत होती. अब्बा म्हणाले, "तुझं नाव काढायला शाळेत मीच गेलो होतो. हेडमास्तर म्हणाले, पोरगी हुशार आहे, सहा महिने थांबा. मी थांबलो नाही."

"अम्मी आजारी होती," नसीम म्हणाली.

"होती. पण घरात हमीदही होता. त्याला भाकरी थापायला शिकवता आली असती."

नसीमने पेन्सिल खाली ठेवली. मग ती म्हणाली, "मला राग होता, अब्बा. अजून थोडा आहे."

"असू दे," अब्बा म्हणाले. "ठेव तेवढा."

मी बूट पुन्हा पायात घातले, गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि दहा मिनिटांनी आवाज करत परत आलो.

मार्चमध्ये तिने परीक्षा दिली. जूनमध्ये निकाल लागला. विज्ञानात पंच्याहत्तर, मराठीत सत्तर, इंग्रजीत कसेबसे पास आणि गणितात नापास, तेही दोन मार्कांनी. अम्मीला फार वाईट वाटलं. पद्मजाबाईंनी फोनवर विचारलं, "रडून झालं असेल तर ऑक्टोबरचा फॉर्म कधी भरतेस?" ऑक्टोबरात ती पास झाली. अय्युबने टेम्पो भरून नाही, पण गल्लीला पुरतील एवढे पेढे आणले. आता ती अकरावीला आहे.

गल्लीतल्या बायका औषधांच्या पिशव्या घेऊन तिच्याकडे येतात. ती कुणालाही औषध सांगत नाही, बंदही करायला लावत नाही. फक्त नावं वाचून दाखवते, काय कधी घेता ते कागदावर लिहून देते आणि म्हणते, हा कागद डॉक्टरांना दाखवा, लाजू नका. दोन म्हाताऱ्या तरी माझ्या माहितीतल्या आहेत, ज्यांच्या गोळ्या त्या कागदामुळे कमी झाल्या.

आणि मी? गेल्या वर्षी एका रविवारी मी तिच्यासमोर बसलो होतो. ती म्हणाली, "भाई, आल्यापासून हा तुमचा तिसरा तांब्या. उन्हाळाही नाही." मी हसण्यावारी नेलं. तिने दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोला, हुस्नबानूला, फोन करून माझी तपासणी करायला लावली. साखर निघाली. काठावरची, पण निघाली. वेळेवर कळलं, डॉक्टर म्हणाले. चालणं आणि खाणं सांभाळलं तर अजून गोळी लागायची नाही.

म्हणून आता रविवारी सकाळी मी गुलटेकडीला जातो, अब्बांना स्कूटरवर मागे बसवतो आणि आम्ही तळजाईच्या टेकडीवर फिरायला जातो. ते पंच्याहत्तरीच्या पुढे, मी अठ्ठेचाळीसचा. चढ लागला की ते पुढे आणि मी मागे. माझा श्वास फुलला की ते झाडाखाली थांबतात, वळून बघतात आणि वाटेवरच्या अनोळखी माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "हा माझा मुलगा. बँकेत मोठा साहेब आहे. मुलगी अकरावीला आहे."